मामाच्या रेकॉर्डची पट्टी

मामा मर्चंट नेव्हीत होता. १९७३ साली त्याची बोट कोबेला लागली, तेव्हा बंदराजवळच्या एका दुकानातून त्याने डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा जपानी डबल एलपी घेतला. आपल्याकडे त्या काळी परदेशी रेकॉर्ड म्हणजे बोटीवरची नाहीतर विमानातली माणसं आणतील तेवढीच. शाळेच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला मी ती पहिल्यांदा ऐकली. गाणं रंगात आलं की वीज जायची आणि आवाज खाली खाली घसरत बंद पडायचा. कित्येक वर्षं मला ते गाणं तसंच संपतं असं वाटायचं.

आता ती रेकॉर्ड पुण्यात माझ्याकडे आहे. तिला पट्टी नाही.

पट्टी म्हणजे ओबी. किमोनोवर कंबरेला बांधतात ती ओबी, तिचंच नाव रेकॉर्डच्या डाव्या कडेवर गुंडाळलेल्या कागदी पट्टीला पडलं. मूळ इंग्लंड-अमेरिकेतल्या कव्हरला हात न लावता जपानी गिऱ्हाइकाला कलाकाराचं नाव, गाण्यांची माहिती, किंमत सांगायची, तर हा कागद वरून चढवायचा. खरं तर घरी नेल्यावर फेकायचीच वस्तू. म्हणून ज्या पट्ट्या फेकल्या गेल्या नाहीत त्यांना आज मोल आहे. आणि या एलपीच्या पहिल्या छपाईत आणखी एक चीज होती: पस्तीस एमएमची निगेटिव्ह फिल्म. तिच्यावर कार्यक्रमाचे फोटो, पाहिजे तर स्टुडिओत जाऊन प्रिंट काढून घ्या.

या दोन्हींच्या शोधात जपानला निघायच्या आधी मामाला फोन केला.

“पट्टी? ती मी दुकानातच फाडून टाकली. चॉकलेटचा कागद कोण जपून ठेवतो रे?”

“आणि फिल्म?”

“कसली फिल्म? फिल्म-बिल्म काही नव्हती त्यात.”

दिवस पहिला

टोकियोत मावसभावाकडे उतरलो. दादा निशी-कासाईत राहतो, जिथे स्टेशनाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तर एखादं मराठी वाक्य कानावर पडतंच. वहिनींनी पिठलं-भात केला होता. झोप अनावर होत होती, पण जागं राहायला हवं म्हणून संध्याकाळी जवळच्या बुक-ऑफमध्ये चक्कर मारली.

ही जुन्या पुस्तकांची आणि सीडींची साखळी १९९० साली सागामिहारात सुरू झाली. नाव पुस्तकांचं असलं तरी माझ्यासारखे लोक सरळ मागच्या भिंतीकडे जातात. ३३० येनच्या सीडी, म्हणजे १९०च्या आसपास रुपये. पण सावध राहावं लागतं. जपानात एके काळी सीडी भाड्याने देणारी दुकानं फार होती, त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या डिस्कही याच रांगेत येऊन बसतात. कव्हरवर स्टिकरचा चिकट डाग आणि डिस्कवर गोंदलेलं दुकानाचं नाव दिसलं की समजावं, ही शंभर घरं फिरून आलेली आहे.

एका खोक्यात नुसत्या आठ सेंटिमीटरच्या सीडी सिंगल होत्या. १९८८मध्ये निघालेला प्रकार. डिस्क तळहाताएवढी, पण पाकीट उभट लांब, कविता लिहायच्या कागदासारखं. म्हणून त्याला ‘तानझाकु’ म्हणतात. पाच घेतल्या. आत दोन-दोन गाणी.

“भाऊजी, इथले लोक हे टाकून देतात आणि तुम्ही विमानाने नेणार?” वहिनी म्हणाल्या. पुढचे सहा दिवस मला या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही.

दिवस दुसरा

तोझाई लाइनने कुदानशिताला उतरून चालत जिंबोचो. पुस्तकांची दुकानं बघायची नाहीत असं ठरवून निघालो होतो, तरी दीड तास गेला. तिथून चढ चढून ओचानोमिझु. दोन्ही बाजूंना गिटारची दुकानं, आणि त्यांच्या मधूनमधून डिस्क युनियन या रेकॉर्डवाल्या साखळीच्या शाखा. जाझला वेगळं दुकान, इतर संगीताला वेगळं.

दार उघडल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. गाणं नाही, रेकॉर्डी चाळण्याचा आवाज. प्रत्येक रॅकपाशी एक माणूस मान खाली घालून उभा, आणि प्लास्टिकवर प्लास्टिक पडल्याची टप-टप-टप अशी एक लय. कोणी बोलत नाही. बँकेत नोटा मोजणारा कॅशियर डोळ्यांसमोर आणा. मुंबईत चोर बाजारात रेकॉर्ड बघताना दुकानदार कानाशी येऊन “ये देखो साब, वो देखो” करत असतो. इथे तासभर कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. पहिली दहा मिनिटं बरं वाटलं, मग जरा एकटं.

पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या त्यांचं सार्थक या दुकानात झालं. प्रत्येक रेकॉर्डच्या प्लास्टिकवर छोटं लेबल असतं: आधी तबकडीचा दर्जा, मग कव्हरचा, शेवटी व्याधी. ‘याके’ म्हणजे उन्हाने पिवळा पडलेला कागद, ‘शिमी’ म्हणजे डाग, ‘हारितोबी’ म्हणजे सुई उडी मारते. आणि सगळ्यांत मोठा शब्द ‘ओबी-त्सुकी’, पट्टीसकट. एकच अल्बम, शेजारी शेजारी दोन प्रती: पट्टीवाली २,९००, बिनपट्टीची १,२००. मधले सतराशे येन, म्हणजे जवळपास हजार रुपये, त्या बोटभर रुंद कागदाचे.

पट्टी वाचता येते, आणि एकदा जमलं की सोडवत नाही. किंमत २,५०० छापली असेल तर सत्तरीचं दशक, २,८०० असेल तर बहुधा ऐंशीचं. कराचा उल्लेख दिसला तर १ एप्रिल १९८९ नंतरची, कारण तीन टक्के उपभोग कर त्या दिवशी लागू झाला. तोच पुढे पाच, आठ आणि २०१९मध्ये दहा टक्के झाला. तेव्हा कव्हरवर जुनी साल असली तरी पट्टी खोटं बोलू देत नाही. काही जुन्या पट्ट्या पूर्ण गुंडाळत नाहीत, वरच्या कडेवर नुसत्या टोपीसारख्या बसतात. त्या तर आणखी लवकर हरवायच्या.

तोशिबाची एक लाल रेकॉर्ड निघाली. साठच्या दशकात आणि पुढे १९७४च्या सुमारापर्यंत तोशिबा ‘एव्हरक्लीन’ नावाच्या मिश्रणाच्या रेकॉर्डी काढत असे. स्थिर वीज साठू नये आणि धूळ चिकटू नये असा त्यात मसाला, आणि ओळखू यावी म्हणून रंग लाल. हातात नुसती धरली तर काळपट. दिव्यासमोर धरली आणि अख्खी तबकडी कोकम सरबतासारखी उजळली. सामान्य ऑर्केस्ट्राचं संगीत होतं, घरी नेऊन एकदाच ऐकणार. घेतली.

पैसे देताना काउंटरवरच्या मुलाने माझी प्रत्येक रेकॉर्ड पाकिटातून बाहेर काढली. कडा दोन्ही तळव्यांत पेलून दिव्याखाली तिरपी केली, एक बाजू मला दाखवली, उलटवली, दुसरी दाखवली. मधल्या लेबलाजवळ केसाएवढा ओरखडा होता. त्यावर न टेकवता बोट नेलं आणि माझ्याकडे बघत थांबला. मी मान डोलावली, मगच रेकॉर्ड पाकिटात गेली. याला केनबान म्हणतात. अकरा रेकॉर्डी, बावीस बाजू. माझ्या मागे चार माणसं उभी होती, एकानेही घड्याळ बघितलं नाही. आपल्याकडे लग्नाचा शालूही इतक्या सावकाश दाखवत नाहीत.

मामाचा एलपी त्याला विचारला. त्याने आतून आणून दिला. १,८०० येन, तबकडी उत्तम, पट्टी नाही, फिल्म नाही. म्हणजे आहे तीच अवस्था. नको म्हटलं.

दिवस तिसरा

शिंजुकुत सकाळ गेली. दुकानं उंच इमारतींत मजल्यामजल्यांवर विखुरलेली, जिने अरुंद, खांद्यावरची पिशवी प्रत्येक वळणावर कोणाला तरी लागायची. दुपारी शिबुया.

टॉवर रेकॉर्ड्सची ही पिवळी-लाल इमारत नऊ मजली आहे. मूळ अमेरिकेतली कंपनी कधीच गाळात गेली. जपानातली तिच्यापासून आधीच वेगळी झाली होती, म्हणून तगली. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं, त्या शेवटच्या दिवसांत मी तिथे जाऊन आलो होतो. त्यामुळे अख्खी इमारतभर माणसं डिस्क विकत घेताहेत हे दृश्य बघून, खोटं कशाला बोला, घसा जरा दाटला.

इथे एक गंमत कळते. ज्याला आपण इम्पोर्टेड जपानी म्हणतो ते इथे घरचं. इम्पोर्टेड म्हणजे अमेरिका-युरोपातून आलेलं, आणि ते स्वस्त! एकाच अल्बमच्या दोन सीडी शेजारी असतात, परदेशी कमी किमतीला, जपानी हजारभर येनांनी महाग. कारण १९५३पासून इथे पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि रेकॉर्डी यांना छापील किमतीलाच विकण्याची कायदेशीर मुभा आहे. प्रकाशकाने ठरवली ती किंमत, दुकानदाराने कमी करायची नाही. बाहेरून आलेल्या मालाला हा नियम लागू नाही. मग जपानी ग्राहकाने घरची का घ्यावी? म्हणून कंपन्या तिच्यात एक-दोन जादा गाणी घालतात, शब्द छापतात, लांबलचक लेख जोडतात. जगभरचे शौकीन ‘जपानी आवृत्तीतलं जादा गाणं’ म्हणून जीव टाकतात, त्याचं मूळ या हिशेबात आहे. आणि त्या जादा गाण्यांपैकी निम्मी, स्पष्टच सांगतो, वगळली होती ते बरंच होतं.

सीडीचा जन्मही इथलाच. १ ऑक्टोबर १९८२ला सोनीचा पहिला प्लेअर १,६८,००० येनला बाजारात आला, त्याच दिवशी पहिल्या डिस्कही. सीबीएस सोनीच्या त्या पहिल्या डिस्कच्या क्रमांकात सुरुवातीला ३५ किंवा ३८ असतं, म्हणजे किंमत ३,५०० किंवा ३,८००. मी ३५वाली एक वापरलेली घेतली. त्या काळच्या दोन सीडींच्या जाड डब्यांत स्पंजचा तुकडा घालत. चाळीस वर्षांत तो विरघळून डिस्कला चिकटतो. एका डब्यात नेमकं तेच झालेलं: डिस्कच्या पाठीवर कुजलेल्या पोळीसारखा पिवळा थर. डबा उघडायला सांगा, लाजू नका.

पाय दुखायला लागले तेव्हा दोगेनझाकाच्या गल्लीतलं ‘लायन’ गाठलं. १९२६चं अभिजात संगीताचं कॉफीगृह. युद्धात जळलं, १९५०मध्ये पुन्हा उभं राहिलं. आगगाडीच्या डब्यासारख्या सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला, समोर दोन मजले उंच लाकडी स्पीकर, देव्हाऱ्यासारखे. बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. बाईंनी कॉफी ठेवली तीसुद्धा बशीचा आवाज न करता. चेलोचं काहीतरी चालू होतं. पुढच्या खुर्चीतले आजोबा झोपले होते आणि घोरत नव्हते. दीड तास बसलो. एकही रेकॉर्ड न विकत घेता गेलेला या सहलीतला तेवढाच वेळ.

दिवस चौथा

पाऊस. दादाला सुट्टी होती, म्हणून शहराबाहेरच्या हार्ड-ऑफला गेलो. जुने अँप्लिफायर, कॅमेरे, गिटारी आणि तळाशी निळ्या क्रेट्समध्ये ‘जंक’ रेकॉर्डी, ११० येनला एक. तपासलेल्या नाहीत, परत घेणार नाहीत. गुडघ्यांवर बसून चाळायच्या. दादा पहिल्या क्रेटनंतर मसाज खुर्चीत जाऊन बसला.

एका क्रेटमधल्या सगळ्या रेकॉर्डी एकाच घरातून आलेल्या होत्या. प्रत्येक पाकिटात शाईच्या पेनाने लिहिलेली छोटी चिठ्ठी: कुठल्या तारखेला, कुठल्या दुकानातून, कितीला. काहींवर हवामानही. ‘पाऊस.’ शेवटची तारीख १९८८ची. पट्ट्या सगळ्यांना, आणि प्रत्येक पट्टी फाटू नये म्हणून वरून पातळ कागद. आयुष्यभर जपलं आणि आता एकशे दहा येन. मला त्यातलं संगीत फारसं आवडत नव्हतं, तरी तीन घेतल्या, चिठ्ठ्यांसकट.

दिवस पाचवा

नोझोमी बुलेट ट्रेनने अडीच तासांत ओसाका.

मामाची रेकॉर्ड खरी ओसाकाची आहे. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ला डीप पर्पल इथल्या फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजवत होते, १७ला टोकियोच्या बुदोकानमध्ये. तिन्ही रात्री आठ ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झाल्या. सातपैकी पाच गाणी ओसाकाची निवडली गेली आणि फोटो मात्र बुदोकानचे. आवाज एका गावचा, चेहरा दुसऱ्या गावचा. बँडला तर ती जपानाबाहेर काढायचीही नव्हती. जपानात ‘लाइव्ह इन जपान’ म्हणून निघाली, बाहेर ‘मेड इन जपान’ झाली आणि कव्हरही बदललं. जपानी कव्हरवर रंगमंच वरून टिपलेला आहे.

म्हणून आधी त्या हॉलच्या जागी, नाकानोशिमाला गेलो. जुना हॉल १९५८चा, २००८ अखेर बंद झाला. त्याच जागी उंच टॉवर उठला आणि त्याच्या पोटात २०१३पासून नवा हॉल. बाहेरून चकचकीत ऑफिसच दिसतं. नदीच्या बाजूला उभा राहून फोनवर ती रेकॉर्ड लावली. सुरक्षारक्षकाने दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा हसला.

मग उमेदा. ओसाका स्टेशनसमोर ‘एकिमाए’ नावाच्या चार जुन्या इमारती आहेत, तळघरं एकमेकींना जोडलेली. स्वस्त जेवणाची दुकानं, तिकिटांचे दलाल आणि कोपऱ्याकोपऱ्यात जुन्या रेकॉर्डींची दुकानं. तिसऱ्या दुकानात मालक आजोबा एकटेच होते. दोन जण आत आले तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढी जागा. मी एलपीचं नाव घेतलं. त्यांनी बोटं वर केली, एक, दोन. आतून दोन प्रती आणल्या. एकीला पट्टी, फिल्म नाही, ६,८००. दुसरीला दोन्ही, १३,५००.

दुसऱ्या प्रतीची पट्टी पाठीमागच्या घडीवर किंचित चिरलेली होती, आतून टिश्यूने जोडलेली. आजोबांनी ती न सांगता दाखवली. मग हात पुसले, कव्हरच्या आतून छोटं पाकीट काढलं आणि फिल्म चिमट्याने कडेला धरून ट्यूबलाइटसमोर धरली. चौकोनाचौकोनांत उलटा उजेड: काळे झालेले दिवे, पांढरे झालेले केस, भुतासारखे गिटारवाले. प्रिंट काढले का कोणी, मी विचारलं. “पन्नास वर्षांत मला भेटलेल्यांपैकी एकानेही नाही,” आजोबा म्हणाले.

बाहेर येऊन वीस मिनिटं वर्तुळात फिरलो. आठ हजार रुपयांच्या आतबाहेरचा मामला, आणि गाणी तर घरी आहेतच. एका गाळ्यात उभ्याने नूडल्स खाल्ले. परत गेलो, तर आजोबांनी दुसरी प्रत आधीच बांधायला घेतली होती.

रात्री दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मग ही पट्टी काढ आणि मामाच्या रेकॉर्डला लाव. काम झालं.” खरं तर मी त्याच विचाराने निघालो होतो. पण दुसऱ्या प्रतीची पट्टी चढवणं म्हणजे उसनं मंगळसूत्र. ही पट्टी पन्नास वर्षं ज्या कव्हरवर होती त्यावर तिच्याखालचा भाग गोरा राहिला आहे, बाकी पिवळा पडला आहे. मामाच्या कव्हरवर असा गोरा भाग नाही. लगेच कळेल. कोणाला, ते विचारू नका.

दिवस सहावा

दुपारी टोकियोत परत. सामानाचं वजन. एक एलपी कव्हरसकट साधारण पाव किलो, म्हणजे चाळीस रेकॉर्डींचे दहा किलो, शिवाय पुठ्ठे. बॅग तेवीस किलोची. वहिनींनी स्नानगृहातला वजनकाटा आणून दिला आणि माझे दोन स्वेटर, एक जोडी बूट आणि दादासाठी आणलेलं पण आता परत न्यायचं ठरलेलं भांडं बाहेर काढलं. मामाच्या एलपीची जोडीदार केबिन बॅगेत.

संध्याकाळी मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे तीन. मामा झोपाळ्यावर. पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली.

“ही? एवढी रुंद होती होय? मला वाटलं, बारीक असेल. कितीला दिली?”

आकडा ऐकून मामीने मागून काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही. मी फिल्म काढली आणि दिव्यासमोर धरली. मामा गप्प. मग चष्मा कपाळावर ढकलून तोंड स्क्रीनजवळ आणलं.

“थांब, थांब. ही होती माझ्याकडे.”

“तू तर म्हणालास, नव्हतीच.”

“अरे, ऐंशी सालचं ग्रहण! तू तीन वर्षांचा असशील. फेब्रुवारीत, भर दुपारी. सगळा गाव दारं लावून आत बसलेला. मी आणि आप्पा खळ्यात उभे. बघायचं तर काहीतरी काळं पाहिजे ना? घरात दुसरं काही नव्हतं. त्या रेकॉर्डीतली पट्टी होती, ती दुमडून घेतली.”

अशी फिल्म धरून सूर्याकडे बघू नये, डोळे जातात, हे मी त्याला पंचेचाळीस वर्षांनी सांगून काय उपयोग?

“मग, दिसलं?”

“झकास. नखाएवढी कोर. गिटारवाल्याच्या डोक्यामागे बरोबर.”